पुस्तकाचे अक्षर



आजच्या विषयाला एक अडचण आहे. मी बोलणार आहे अक्षरांच्या रूपाबद्दल, आणि रेडिओवर रूप काही दिसत नाही. म्हणून प्रारंभीच एक विनंती करतो. जवळपास एखादे पुस्तक असेल, मुलाचे पाठ्यपुस्तक असो, देवघरातली पोथी असो, नाहीतर पंचांग असो, ते हाताशी घ्या. मधून मधून त्यावर नजर टाकत राहिलात, तर माझे बोलणे अधिक नीट कळेल.

आमचे घर धामापूरचे. तळ्याकाठचे भगवतीचे देऊळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. श्रावण लागला की आमच्या घरी पोथी सुरू होई. श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप. वाचणारी माझी आजी. शाळेत ती जेमतेम दोन वर्षे गेलेली. पण पोथीवर बोट ठेवून ठेवून तिने अक्षरे पक्की केली होती. बाहेर पाऊस कोसळत असे, ओटीवर शेजारपाजारच्या बायका बसलेल्या असत, आणि आजी एका लयीत ओव्या म्हणत जाई. तिची ती पोथी जुनी, सुट्या लांब पानांची. एका पावसाळ्यात तिला वाळवी लागली. मग वडिलांनी बाजारातून नवी पोथी आणली. कागद पांढराशुभ्र, बांधणी पक्की, वर रंगीत चित्र. आजी हरखली. पण श्रावणातल्या पहिल्याच दिवशी चार ओव्या वाचून थांबली. चष्मा पुसला, पुन्हा दोन ओव्या वाचल्या, आणि पोथी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "माका आता दिसणा नाय, झिला. तूच वाच."

झाले. आजीची नजर गेली, असे घरात सर्वांनी धरून चालले. तिनेही ते मान्य केले. दोन श्रावण तिने पोथी वाचली नाही. ती ऐकायला बसे, पण मागे, भिंतीला टेकून. तिसऱ्या वर्षी शेजारच्या घरून कोणीतरी त्यांची जुनी पोथी आणून दिली. आजीने सहज म्हणून ती उघडली, आणि अध्यायच्या अध्याय वाचून काढला. चष्मा तोच, डोळे तेच, कंदिलाच्या जागी आलेला दिवाही तोच. बदलली होती ती फक्त अक्षरे. नव्या पोथीत ती बारीक, दाटीवाटीने बसवलेली, काने-मात्रे एकमेकांत अडकलेले. जुन्या पोथीतली अक्षरे ठसठशीत, मोकळी, एकेक वेगळे. दोष अक्षरांचा होता, आणि दोन वर्षे तो आम्ही तिच्या डोळ्यांवर लादला होता.

त्या शेजारच्या पोथीच्या शेवटच्या पानावर छापखान्याचे नाव होते: निर्णयसागर, मुंबई. हे नाव पुढे मी महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी ग्रंथालयांतल्या पुस्तकांवर पाहिले. पण माझी आणि त्या अक्षराची पहिली ओळख धामापूरच्या ओटीवरची. आज त्याच अक्षराची गोष्ट सांगायची आहे.

श्रोतेहो, छापलेले अक्षर आपोआप होत नाही. हाताने लिहिलेल्या अक्षराला जसा लिहिणारा असतो, तसा छापील अक्षरालाही घडवणारा असतो. शिशाच्या छपाईच्या काळात प्रत्येक अक्षराचा एक एक धातूचा तुकडा असे. त्याला मराठीत खिळा म्हणत, आणि खिळे ओळीने जुळवणाऱ्याला जुळारी. पण खिळा ओतण्याच्या आधीचे काम सर्वांत अवघड. कारागीर पोलादाची बोटाएवढी कांडी घेई आणि तिच्या टोकावर कानशीने आणि कोरणीने अक्षर कोरी. तेही उलटे, आरशात दिसावे तसे. सुपारीएवढ्या जागेत 'क्ष'ची वळणे, 'ज्ञ'ची गाठ, 'ह'चा पोटातला आकडा! थोडे कोरून झाले की कांडी दिव्याच्या ज्योतीवर धरायची, काजळी बसली की कागदावर दाबायची, आणि ठसा कसा उठतो ते पाहायचे. जास्त उठला तर पुन्हा घासायचे. कमी उठला तर मात्र इलाज नाही. घासलेले पोलाद परत येत नाही, कांडी टाकून नव्याने आरंभ करायचा.

अक्षर मनासारखे झाले की कांडी तापवून पाण्यात बुडवून कडक करीत. मग तांब्याच्या तुकड्यावर ती ठोकीत. तांब्यात अक्षराचा खोल साचा उमटे. त्या साच्यावर शिसे, कथील आणि अँटिमनी ह्यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार. नुसते शिसे मऊ. छापताना चेपले जाईल. अँटिमनीने त्याला कठीणपणा येतो आणि साच्याचे बारीक कोपरे नीट उतरतात. एका साच्यातून हजारो खिळे निघत. म्हणजे एका माणसाने एकदा कोरलेले अक्षर पुढे लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून जाई. ते चांगले असले तर लाखोंना सुख, वाईट असले तर लाखोंना त्रास.

आता आपल्या लिपीची अडचण पाहा. इंग्रजीला मोठी आणि लहान मिळून बावन्न अक्षरे, आकडे, विरामचिन्हे. शंभरेक खिळ्यांत काम भागते. आपली लिपी म्हणजे तीन मजली घर आहे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर राहते. माडीवर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार. तळघरात उकार. शिवाय जोडाक्षरांचा गोतावळा. सर्वांची सोय करायची तर खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर जाते. जुळाऱ्याच्या भोवती खणांच्या पेट्याच पेट्या मांडलेल्या असत, आणि कुठल्या खणात काय आहे ते त्याच्या हाताला पाठ असे. काही पद्धतींत वरच्या मात्रेचा आणि खालच्या उकाराचा खिळा निराळा बसवावा लागे. तो नाजूक तुकडा छपाईत मोडला की 'मेळ्या'चा 'मळा' झालाच म्हणून समजा.

म्हणूनच आपल्या भाषेला छापील रूप मिळायला फार वाट पाहावी लागली. छापखाना आपल्या शेजारीच, गोव्यात, १५५६ साली आला. हिंदुस्थानातला तो पहिला. पण फादर स्टीफन्स ह्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले, ते रोमन अक्षरांत. भाषा आपली, ओवी आपली, आणि कपडे परक्याचे! देवनागरी खिळेच नव्हते. पुढे पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी ह्यांच्या छापखान्यात देवनागरी खिळे तयार झाले. तिथला खरा हात पंचानन कर्मकार ह्या लोहार घराण्यातल्या कारागिराचा. केरी ह्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले, त्यात मराठी अक्षर छापलेले दिसते. म्हणजे मराठी छपाईच्या आरंभीच एका बंगाली लोहाराची कारागिरी आहे, हे आपण विसरू नये.

मुंबईत हे काम रुजले ते एकोणिसाव्या शतकात. इथे आपल्या जिल्ह्याचाही मान आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले. एका रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. आणि १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरी छापून काढली, ती शिळाछापाची. शिळाछाप म्हणजे दगडावरची छपाई. तेलकट शाईने लिहिलेले दगडावर उतरवायचे. मग दगड ओला केला की लिहिलेल्या जागी शाई धरते आणि ओल्या जागी धरत नाही. त्यात खिळे लागत नाहीत. सुंदर हस्ताक्षर असलेला लेखक मिळाला की पुस्तक सुंदर. पण दर पानाला नवे लिहिणे आले.

मुंबईचे गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ साली शिळेवर मराठी पंचांग छापले आणि पुढे स्वतःचे खिळेही घडवले. त्या वेळी छापील शाईत चरबी असते, ती सोवळ्यात चालणार नाही, अशी लोकांची समजूत होती. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. लोकांना पुस्तकाजवळ आणण्यासाठी काय काय करावे लागले, पाहा!

पण मराठी पुस्तकाला त्याचे कायमचे अक्षर मिळाले ते जावजी दादाजी ह्यांच्यामुळे. जन्म १८३९ चा. घरची गरिबी, वडिलांचे छत्र लहानपणीच गेलेले. शिक्षण थोडके. मुलगा पोटासाठी मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागला. तिथे टॉमस ग्रॅहम ह्यांच्या हाताखाली खिळे घासण्याचे काम. ओतून आलेल्या खिळ्याची खरबरीत कड दगडावर घासून साफ करायची. हजारो खिळे बोटांतून जायचे. ह्या मुलाने नुसते घासले नाहीत, न्याहाळलेही. कुठले अक्षर ओळीत नीट बसते, कुठले कलते, हे त्याच्या बोटांना कळू लागले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्या जोडीला होते राणोजी रावजी आरू. पोलादावर अक्षर कोरणारा असा हात दुर्मिळ. निर्णयसागरची जी अक्षरे आपण पाहतो, त्यांची वळणे राणोजींची.

ह्या दोघांनी काय केले? जुनी छापील देवनागरी अक्षरे पाहिली तर ती कुठे अवाढव्य, कुठे मोडकी, ओळीत वर-खाली होणारी दिसतात. आरू ह्यांनी चांगल्या बोरूचे वळण पोलादात उतरवले. अक्षराच्या पोटात पुरेशी मोकळी जागा ठेवली. वरची रेघ एका पातळीत आणली. मोठ्या पोथीपासून बारीक टिपेपर्यंत निरनिराळ्या आकारांचे खिळे पाडले, आणि तरी घराणे एकच राखले. १८८६ साली निर्णयसागरने 'काव्यमाला' सुरू केली. तिच्यातून संस्कृत ग्रंथ एकापाठोपाठ एक निघाले. मुंबईचे हे अक्षर काशीपर्यंत आणि परदेशांतल्या पंडितांपर्यंत जाऊन पोचले. उत्तरेकडे 'अ', 'झ' आणि 'ण' ही अक्षरे पूर्वी वेगळ्या वळणाने लिहीत. पुढे हिंदीची प्रमाण लिपी ठरली तेव्हा मुंबई वळणाचे 'अ', 'झ', 'ण' स्वीकारले गेले. जावजी १८९२ साली वारले. ग्रंथ छापणारा हा माणूस स्वतः पंडित नव्हता, खिळे घासणारा होता, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो.

आता प्रश्न असा की पुस्तकाचे अक्षर चांगले म्हणजे कसे? ह्याबाबतीत बाहेरच्या जगाचा अनुभव पाहण्याजोगा आहे. पॅरिसमध्ये सोळाव्या शतकात क्लोद गारामाँ हा कारागीर होऊन गेला. लंडनला अठराव्या शतकात विल्यम कॅझलन. त्यांच्या अक्षरांची वळणे आजही इंग्रजी-फ्रेंच पुस्तकांत वापरली जातात. लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्राने १९३२ साली स्टॅन्ली मॉरिसन ह्यांच्या देखरेखीखाली आपल्यासाठी नवे अक्षर करून घेतले, तेही ह्याच परंपरेचे. ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक बारीक पाऊल असते. इंग्रजीत त्याला सेरिफ म्हणतात. आणि एकाच अक्षरात काही रेघा जाड, काही बारीक असतात. ती पावले आणि तो जाड-बारीकपणा ह्यांमुळे अक्षर अक्षराला धरून राहते, ओळ ओळीसारखी दिसते आणि डोळा तिच्यावरून सरकत जातो.

आपल्या अक्षराला अशी पावले नाहीत. त्याची गरजही नाही. आपल्याकडे ते काम शिरोरेघ करते. शब्दातली सगळी अक्षरे ती एका दांडीवर धरून ठेवते, वलनीवर धुतलेले कपडे टांगावेत तशी. आणि जाड-बारीकपणा येतो तो बोरूच्या कापणीतून. इथे एक गंमत आहे. बोरूचे टोक आपण तिरपे कापतो ते इंग्रजी लेखणीच्या उलट बाजूने. म्हणून रोमन अक्षरात जी तिरपी रेघ जाड, ती आपल्याकडे बारीक. त्यांची बारीक, ती आपली जाड. हे न ओळखता कुणी इंग्रजी अक्षराच्या मापाने देवनागरी काढू लागला, तर अक्षर कुठेतरी चुकल्यासारखे वाटते. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण चार पाने वाचून तो पुस्तक मिटतो. माझ्या आजीने मिटले तसे.

तेव्हा चांगल्या अक्षराची खूण एकच. ते वाचकाच्या लक्षात येत नाही. लग्नपत्रिकेचे अक्षर नटावे, दुकानाच्या पाटीचे अक्षर ओरडावे, ते त्यांचे कामच आहे. पण पुस्तकाच्या अक्षराने चांगल्या वाढप्यासारखे असावे. पंगत जेवून उठते, सगळ्यांना सगळे मिळालेले असते, आणि वाढले कोणी हे कुणाला आठवत नाही.

ह्या अक्षरावर विसाव्या शतकात एक संकट आले, ते यंत्राचे. टंकलेखन यंत्राला कळा थोड्या. पुढे लायनोटाइप, मोनोटाइप अशी जुळणीची यंत्रे आली. त्यांनाही एवढी अक्षरे पेलेनात. मग अक्षरांची संख्या कमी कशी करावी ह्याचा विचार सुरू झाला. लोकमान्य टिळकांनीही त्यात लक्ष घातले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत, १९२४ ते १९३७ ह्या काळात, लिपीशुद्धीची चळवळ केली. 'अ'चीच बाराखडी चालवावी, 'इ'ऐवजी 'अि', 'ए'ऐवजी 'अे' लिहावे, असे त्यांचे सांगणे. त्या पद्धतीने छापलेली पुस्तके जुन्या शिक्षकांच्या कपाटात अजून सापडतील. १९५३ साली लखनौला परिषद भरली. तिने ह्रस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असे सुचवले. लोकांच्या डोळ्यांनी ते मानले नाही, आणि १९५७ साली ती सूचना मागे पडली. ह्या सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. छपाई स्वस्त व्हावी, ज्ञान खेड्यात पोचावे. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने डोळ्यांत बसलेली वळणे ठरावाने बदलत नाहीत, एवढे त्यातून दिसले.

आणि गंमत पाहा. ज्या यंत्रासाठी लिपी कापायची होती, ते यंत्रच गेले. संगणक आला. त्याला अक्षरे कितीही असली तरी ओझे नाही. १९९१ साली युनिकोड नावाची जागतिक व्यवस्था आली. तिच्यात देवनागरीला आरंभापासून जागा मिळाली. विंडोजबरोबर घरोघर आलेले 'मंगल' हे अक्षर आपल्या र. कृ. जोशी ह्यांनी रेखाटलेले. राज्य मराठी विकास संस्थेने पुस्तकी वळणाचे 'यशोमुद्रा' हे अक्षर सर्वांना विनामूल्य दिले. त्याच्याच आधाराने मुंबईच्या आयआयटीने संस्कृत ग्रंथांसाठी 'शोभिका' तयार केले. 'एक टाइप' ह्या मुंबईच्या संस्थेचे 'मुक्त' हे अक्षरही असेच मोफत मिळते. जावजींच्या काळी जे मिळवायला कारखाना काढावा लागे, ते आज शाळेतल्या संगणकावर एका घटकेत उतरते.

म्हणजे आता सर्व ठीक झाले का? नाही, श्रोतेहो. पूर्वी अक्षर निवडणारा एक जावजी असे. आज आपण प्रत्येकजण निवडतो. शाळेची प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीची नोटीस, हस्तलिखिताच्या जागी निघालेले वार्षिक, सगळे आपण जुळवतो. आणि जुळारी होण्याचे शिक्षण मात्र आपल्याला कोणी दिलेले नाही. माझीच फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका चाचणीची प्रश्नपत्रिका स्वतः संगणकावर तयार केली. प्रश्न होता, 'पावसाळ्यातील दऱ्यांचे वर्णन पाच ओळींत करा.' उत्तरे तपासायला बसलो. तीन-चार मुलांनी समुद्राचे वर्णन केलेले! उधाणाच्या लाटा, ओढून ठेवलेल्या होड्या, गाजेचा आवाज. किनाऱ्यावरची मुले, वर्णन झकास. मी प्रश्न समजला नाही असा शेरा मारून गुण कापले. मग एका मुलीने प्रश्नपत्रिका आणून दाखवली. "सर, हयसर दर्याच लिवलेलो आसा." पाहतो तो खरेच. 'दऱ्या'तल्या 'र'ची ती आडवी पडलेली पापणी मला कळफलकावर नीट देता आली नव्हती. तिथे रफार बसला होता. माझ्या घाईने दऱ्या बुडवून त्यांचा दर्या केला होता. मुलांची चूक काडीची नव्हती. त्यांनी छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवला. ज्यांनी दऱ्यांचे वर्णन केले होते, त्यांनी उलट छापले होते ते न वाचता माझ्या मनातले ओळखले होते! मी वर्गात चूक कबूल केली आणि गुण परत दिले. पण तेव्हापासून छापायच्या आधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय कागद हातावेगळा करीत नाही.

ही पापणी मराठीचे खास लेणे आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हा भेद आपण तिच्यावर करतो. हिंदीला तिची गरज नाही. म्हणून केवळ हिंदीसाठी केलेल्या कित्येक अक्षरसंचांत ती नीट नसते. 'ल' आणि 'श' ह्यांचीही मराठी वळणे वेगळी आहेत. आपला 'ल' दोन पाकळ्यांचा. हिंदीचा एका दांडीला टेकलेला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि लिपी ह्यांचे प्रमाण रूप ठरवून दिले होते. पहिलीतले मूल फळ्यावर गुरुजींचा एक 'ल' पाहते आणि कागदावर दुसराच 'ल' पाहते, तेव्हा ते अडखळते. आणि अडखळले की आपण काय म्हणतो? मुलगा वाचनात कच्चा आहे. आजीचे डोळे गेले म्हणालो, तसेच.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना चार साध्या गोष्टी सुचवतो. पहिली: कुठलेही नवे अक्षर वापरण्याआधी त्यात एक कसोटीचे वाक्य छापून पाहा. माझे वाक्य असे आहे: 'दऱ्याखोऱ्यांतले पाणी दर्याला मिळाले, विठ्ठलाच्या द्वारी शुद्ध हृदयाने टाळ वाजला.' ह्यात पापणी आहे, रफार आहे, 'ळ' आहे, 'हृ' आहे, आणि 'ठ्ठ', 'द्व', 'द्ध' ही अवघड जोडाक्षरे आहेत. एवढे नीट उमटले, पाय मोडल्याच्या खुणा मध्येच दिसल्या नाहीत, तर ते अक्षर बहुधा विश्वासाचे समजावे.

दुसरी: आकार इंग्रजीच्या मापाने ठरवू नका. आपल्या अक्षराला माडी आणि तळघर असल्यामुळे त्याच मापात मधले अक्षर लहान पडते. इंग्रजी बारा पॉइंटात वाचवते, म्हणून मराठीही बारातच बसवू नका. दोन पाऊले पुढे जा. लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी आणखी पुढे.

तिसरी: दोन ओळींमध्ये जागा सोडा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडता कामा नये. कागद वाचवायच्या नादात वाचणारा गमावू नका.

चौथी: सबंध मजकूर जाड किंवा तिरपा करू नका. ठळक करायचा तो एखादा शब्द. जेवणात लोणचे ताटाच्या कडेला वाढतात, भाताच्या जागी वाढीत नाहीत.

ह्याला पैसा लागत नाही. लागते ती थोडी आस्था. राणोजी आरूंनी एका अक्षरासाठी जेवढा वेळ घातला, त्याच्या हजारावा हिस्सादेखील आपण आपल्या प्रश्नपत्रिकेला दिला, तर मुलांचे कल्याण होईल.

खिळ्यांचे दिवस आता सरले. तालुक्याच्या गावातले छोटे छापखाने, त्यांतल्या खणांच्या पेट्या, शाईच्या वासाच्या त्या अंधाऱ्या खोल्या, बहुतेक गेल्या. शिसे भंगारात विकले गेले. त्याचे फार दुःख करण्याचे कारण नाही. साधन बदलतच असते. पण त्या शिशाच्या मागे जी दृष्टी होती, ती भंगारात जाऊ नये. वाचणारा माणूस आपल्याला दिसत नाही. तो कुठल्या दिव्याखाली, कुठल्या चष्म्यातून, किती शिकून वाचतो आहे, हे ठाऊक नसते. म्हणून सर्वांत अधू डोळ्यांच्या आणि सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला धरून अक्षर घडवायचे, ही ती दृष्टी.

ती शेजारची पोथी आजीने शेवटपर्यंत परत केली नाही. शेजाऱ्यांनीही मागितली नाही. दर श्रावणात ती भिंतीजवळून उठून पुन्हा दिव्याखाली येऊन बसे. जावजी कोण, राणोजी कोण, तिला कधी कळले नाही. मी एकदा सांगू लागलो, तर म्हणाली, "असतीत कोण ते. पण तेंचा बरा होवंदे." आणि पान उलटून पुढे वाचू लागली.

हातातल्या पुस्तकाकडे आता एकदा पुन्हा पाहा. ती अक्षरे कोणीतरी, कधीतरी, आपल्यासाठी बसून घडवलेली आहेत.